कोलू पाटलाचा तलाव आणि बेशरमचे झुडूप

अभिमान वाईट, स्वार्थ त्याहून वाईट आणि स्वाभिमान तेवढा चांगला, अशी वाटणी आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती मला पटत नाही. या विषयाची कोणतीही पदवी माझ्याकडे नाही. गोंदिया जिल्ह्यातले जुने तलाव पाहत, मिळतील ती कागदपत्रे वाचत फिरणारा मी माणूस. पण या शब्दांचे आपसातले नाते मला तलावांच्या पारींवरच उलगडले.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. पुढे त्यांचा कोलासूर देव झाला. ठाणे तलावाकाठीच आहे. भोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात, कारण बांधकामाला त्यांचा हात लागला अशी श्रद्धा. बांधणाऱ्याचा अभिमान इथे थेट देवपणाला पोचला! त्यामागचा स्वार्थही लपलेला नव्हता. कोहळी समाज उसाच्या शेतीसाठी प्रसिद्ध, आणि ऊस म्हटला की पाणी आले. तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, असा गोंड राजांचा रिवाजही सांगितला जातो.

इंग्रजी अमदानीत मालगुजाराला गावाची मालकी मिळाली. पार फुटली तर त्याचेच धान बुडे, शिवाय पंचक्रोशीत नाक कापले जाई ते वेगळे. म्हणून पावसाळ्याआधी पारीवर माती पडे, तुडूम तपासले जाई. ही माती टाकणारे हात मात्र अनेकदा बेगारीचे होते. अभिमान मालकाच्या वाट्याला, घाम दुसऱ्याच्या. त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे विसरू नये.

१९५० च्या कायद्याने १९५१ साली मालगुजारी संपली. ती जायलाच हवी होती. पूर्व विदर्भातले हजारो तलाव शासनाचे झाले. मोठे पुढे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे गेले. 'माजी मालगुजारी'चे लघुरूप झाले 'मामा'. नाव चपखल बसले. मामाच्या घरी भाचा हक्काने जेवतो, छपराची कौले फेरायला मात्र येत नाही. पाणी प्रत्येकाला हवेच होते, म्हणजे स्वार्थ होता तिथेच राहिला. जबाबदारी तेवढी तालुक्याच्या कचेरीत गेली. तलाव गाळाने उथळ झाले, काठाने झुडूप माजले. त्या झुडपाला आपल्याकडे बेशरम म्हणतात.

अशा गावाला 'स्वाभिमान जागवा' असे भाषण देऊन काय होईल? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये लोकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदलच नेमले होते. त्याने सामाजिक दुखणी हटतील अशी आशा होती. पुढे रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा २००३ मध्ये प्रसिद्ध केला. शाळेतल्या यशाबाबत त्यांना दिसले ते असे की, आत्मसन्मान हा यशाचे कारण असण्यापेक्षा काही अंशी त्याचा परिणाम असतो. पारीवर माती टाकणाऱ्याला हे नवीन नाही.

उलट स्वार्थाला जबाबदारीशी जुंपले की काम होते. २०१७ च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यानेच करायचा होता. आपले शेत कसदार व्हावे म्हणून गाळ न्यायचा. त्यात तलाव आपोआप खोल होतो. यात त्याग शोधायची गरज नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातच काही तलावांत ढिवर समाजाच्या महिलांनी बेशरम उपटून काढली आणि माशांना आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्या. तलाव त्यांच्या मालकीचे नाहीत. मासा वाढला तर चूल पेटते, हा त्यांचा स्वार्थ. पण आपण साफ केलेला तलाव दाखवताना बाई ज्या आवाजात बोलते, त्याला मी अहंकार म्हणणार नाही. तिथे धानालाही पाणी हवे आणि माशालाही. तुडूम केव्हा उघडायचे, तळाशी किती पाणी राखायचे, हे ठरवणाऱ्या बैठकीत या बायांना बोलावतात का, एवढे मी हल्ली प्रत्येक गावी विचारतो.