गाईला घड्याळ कोण दाखवणार?

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता अमेरिकेतली घड्याळं थेट तीनवर जातात. झोपेतला हा एक तास परत मिळतो तो नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मी न्यू जर्सीत राहतो. दर वर्षी मार्चमधल्या त्या रविवारनंतरच्या सोमवारी ऑफिसात जांभया देणाऱ्यांपैकी कोणीतरी कॉफी ओतता ओतता हमखास ऐकवतं, "काय करणार, शेतकऱ्यांसाठी आहे ना हे!" यंदा हेच ज्ञान मराठी मंडळाच्या कार्यक्रमातही मिळालं, तेही ज्यांचं बालपण सातारा-सांगलीच्या गोठ्यांत गेलंय अशा माणसांकडून. तेव्हा मात्र राहवेना.

जरा विचार करा. गाईची कास सूर्याच्या हिशेबाने भरते. तिला काल पाचला पिळली आणि आज घड्याळ पुढे गेलं म्हणून चारलाच पिळायला बसलात, तर ती लाथ मारेल. पण दूध नेणारी गाडी मात्र घड्याळाप्रमाणेच येणार. गवताचं तेच. कापून पसरलेलं गवत दव उडाल्याशिवाय गोळा करता येत नाही, आणि दव उडतं ते ऊन वर आल्यावर. रोजावरचे मजूर मात्र संध्याकाळी घड्याळात ठरलेली वेळ झाली की घरी जाणार. म्हणजे सकाळी तासभर बसून राहायचं आणि संध्याकाळी ऐन कामाच्या वेळी माणसं गमवायची. यात शेतकऱ्याची सोय कुठे आली?

मग ही कल्पना कोणाची? न्यूझीलंडमधल्या जॉर्ज हडसनने १८९५ मध्ये घड्याळ दोन तास पुढे न्यायची सूचना केली. तो किडे गोळा करायचा, आणि कामावरून सुटल्यावर त्याला त्यासाठी उजेड हवा होता. लंडनमध्ये घरं बांधणाऱ्या विल्यम विलेटने १९०७ मध्ये याच विषयावर पत्रक काढलं. दोघांचाही शेतीशी संबंध नव्हता. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायला जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने ३० एप्रिल १९१६ ला घड्याळं पुढे केली, त्यांच्यामागून ब्रिटनने, आणि १९१८ मध्ये अमेरिकेने.

आता मुख्य मुद्दा. युद्ध संपताच, १९१९ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने हा प्रकार बंद केला. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नकाराधिकार वापरला, तरी तो झुगारून बंद केला. त्यासाठी सगळ्यात मोठा आवाज उठवला होता शेतकऱ्यांनीच! ज्यांनी भांडून हे मोडीत काढलं, त्यांच्याच नावावर शंभर वर्षं आपण ते खपवतोय. पुढे ही वेळ परत आली, तेव्हा तिची बाजू घेणाऱ्यांत दुकानदार होते, गोल्फवाले होते, बार्बेक्यूचं सामान विकणारेही होते. संध्याकाळी उजेड असला की माणूस घराबाहेर पडतो आणि खिशात हात घालतो. त्यात गैर काही नाही. फक्त पावती शेतकऱ्याच्या नावाने फाडू नका.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

"ही बेंजामिन फ्रँकलिनची कल्पना." १७८४ मध्ये त्याने पॅरिसच्या वर्तमानपत्रात गमतीचं पत्र लिहिलं: लोकांना पहाटे तोफा उडवून उठवा, खिडक्यांच्या झडपांवर कर लावा. घड्याळ पुढे करण्याचा त्यात उल्लेखही नाही.

"वीज वाचते." इंडियाना राज्याने २००६ मध्ये सगळीकडे ही वेळ लागू केली, तेव्हा मॅथ्यू कॉचेन आणि लॉरा ग्रँट यांनी घरगुती बिलं तपासली. वापर सुमारे एक टक्का वाढला होता. दिव्यांवर वाचलं ते एसीने खाल्लं. उलट अमेरिकी ऊर्जा खात्याच्या २००८ च्या अहवालात, ही वेळ जितके दिवस वाढवली होती त्या काळात, दिवसाला अर्धा टक्का बचत दिसली. थोडक्यात, फरक पडलाच तर चिमूटभर.

"अख्खी अमेरिका घड्याळ बदलते." हवाई बदलत नाही. ॲरिझोनाही नाही, फक्त तिथला नव्हाहो आदिवासींचा प्रदेश बदलतो.

"भारतात असं कधी झालंच नाही." झालं होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, आपली घड्याळं तासभर पुढे होती. नंतर गरज पडली नाही. मुंबईतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. न्यूयॉर्कमध्ये तो जवळपास सहा तासांचा.

"मग उन्हाळ्याचीच वेळ बारा महिने ठेवा." तेही करून झालंय. जानेवारी १९७४ मध्ये निक्सन सरकारने दोन वर्षांसाठी म्हणून ते सुरू केलं. मुलं काळोखात शाळेला निघू लागली, पालक संतापले, आणि त्याच ऑक्टोबरात प्रयोग गुंडाळला. निद्रातज्ज्ञांची अमेरिकन संघटना म्हणते, कायम ठेवायचीच तर मूळ प्रमाणवेळ ठेवा.

राहता राहिली भारतातली आमची आई. हिवाळ्यात आमच्यात साडेदहा तासांचं अंतर असतं, मार्चपासून साडेनऊ. मी सकाळी दहाला फोन केला की तिच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजायचे, आता साडेसात. ती दर वर्षी विचारते, "आज लवकर कसा रे?" आणि मी दर वर्षी समजावतो. एकदा मात्र ती म्हणाली, "शेतकऱ्यांसाठी असेल काहीतरी."