किनाऱ्यावरून कॉडची गळमासेमारी

कॉड हे नाव भारतीय वाचकास प्रत्यक्ष माशापेक्षा त्याच्या यकृतापासून काढल्या जाणाऱ्या तेलामुळे अधिक परिचित आहे. हा मासा भारताच्या उष्ण समुद्रांत आढळत नाही. ‘गॅडस मॉर्हुआ’ हे ज्याचे शास्त्रीय नाव, तो अटलांटिक कॉड उत्तर अटलांटिक महासागराच्या थंड पाण्यात राहतो. पाठीवर तीन पर, पोटाखाली मागील बाजूस दोन पर, अंगावरून गेलेली फिकट पार्श्वरेषा आणि हनुवटीखाली लोंबणारी एक आखूड मिशी, या खुणांवरून तो सहज ओळखता येतो. वाळूच्या तळावर राहणाऱ्या कॉडचा रंग हिरवट-तपकिरी असतो, तर खडकांवरील समुद्रशैवालात राहणाऱ्याचा तांबूस असतो. त्याचे तोंड मोठे आणि भूक त्याहून मोठी. खेकडे, कृमी, शिंपल्यांतील प्राणी, लहान मासे, जे सापडेल ते तो गिळतो.

खोल समुद्रातील कॉड जहाजांनी पकडला जातो. परंतु ब्रिटनच्या किनाऱ्यावर उभे राहून, हातातील काठीने त्याला पकडण्याचा छंदही जुना आहे. या छंदात नव्याने पडणाऱ्यास सर्वप्रथम एक गोष्ट समजून घ्यावी लागते. मासा दूर आहे म्हणून तो मिळत नाही असे नाही. बहुधा मासेमाराची वेळ चुकलेली असते.

ऋतू, वारा आणि भरती

इंग्लंडच्या किनाऱ्यावर कॉडचा हंगाम मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मानतात. पाणी गार होऊ लागले की मासे उथळ पाण्यात येतात. उन्हाळ्यात बहुतेक मोठे मासे खोल पाण्यात असतात. यॉर्कशायरसारख्या खडकाळ किनाऱ्यावर मात्र तांबूस रंगाचे लहान कॉड उन्हाळ्यातही शैवालाच्या आश्रयाने राहतात.

समुद्रावरून किनाऱ्याकडे वाहणारा जोराचा वारा कॉडच्या मासेमारीस अनुकूल ठरतो. लाटा तळ घुसळून काढतात. वाळूतील कृमी व शिंपले उघडे पडतात. पाणी गढूळ होते. या आयत्या मेजवानीसाठी कॉड किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो. म्हणून अनुभवी मासेमार ऐन वादळात जात नाहीत. वारा पडू लागला, पण पाण्याचा गढूळपणा ओसरला नाही, अशी वेळ ते साधतात. पाणी काचेसारखे स्वच्छ असेल तर दिवसापेक्षा रात्र बरी. पुष्कळ ठिकाणी भरतीच्या कमाल पातळीपूर्वीचे दोन तास व नंतरचे दोन तास चांगले असतात. मात्र हा नियम सर्वत्र सारखा लागू पडत नाही. प्रत्येक किनाऱ्याची स्वतःची वेळ असते आणि ती तेथील मासेमारांकडूनच कळते.

जागेची निवडही ओहोटीच्या वेळीच करावी. पाणी उतरलेले असताना तळावरील चर, खळगे व खडकांच्या कडा स्पष्ट दिसतात. पुढे भरती आली की अन्न याच चरांत साचते आणि मासेही त्यातूनच फिरतात. नवशिक्याला शंभर मीटर दूर फेकण्याची घाई असते. परंतु कधी कधी चर तीस-चाळीस मीटरवरच असतो, आणि त्याचे आमिष माशांच्या पलीकडे जाऊन पडते. डॉर्सेटमधील सुमारे २९ किलोमीटर लांबीचा चेसिल बीच किंवा केंटमधील डंजनेस येथे गोटे व खड्यांचा उतार इतका तीव्र आहे की खोल पाणी किनाऱ्यालगतच लाभते.

साधने

यासाठी साधारणतः बारा ते तेरा फूट लांबीची, पाच-सहा औंसांचे शिसे फेकू शकणारी काठी वापरतात. रिळावर पंधरा ते अठरा पौंड ताकदीचा नायलॉनचा दोरा, म्हणजे तंगूस, गुंडाळलेला असतो. हा दोरा मासा ओढण्यास पुरेसा असला, तरी जड शिसे जोराने फेकताना बसणारा हिसका त्याला सोसत नाही. म्हणून त्याच्या टोकाला जाड दोऱ्याचा एक तुकडा जोडणे अत्यावश्यक असते. शिशाच्या दर औंसामागे दहा पौंड असा त्याचा हिशेब आहे. सहा औंसांसाठी साठ पौंडांचा दोरा. फेकण्याच्या पवित्र्यात लोंबणाऱ्या शिशापासून काठीच्या टोकापर्यंत, तेथून रिळापर्यंत आणि रिळावर किमान सहा वेढे, इतकी त्याची लांबी असावी. हा नियम न पाळल्यास दोरा तुटून सुटलेले शिसे बंदुकीच्या गोळीसारखे जाते आणि किनाऱ्यावरील माणसाचा प्राणही घेऊ शकते.

प्रवाह जोराचा असेल तर तारांचे आकडे असलेले शिसे वापरतात. तारा वाळूत रुततात व आमिष जागेवर राहते. दोरा ओढताच त्या मागे वळून शिसे मोकळे होते. खडकाळ तळावर शिसे मुख्य दोऱ्यास कमकुवत धाग्याने बांधतात. ते अडकले तर केवळ शिसे जाते, गळ व मासा वाचतो.

आमिष

लगवर्म हा वाळूत बीळ करून राहणारा कृमी कॉडचे आवडते आमिष होय. ओहोटीनंतर वाळूवर दिसणाऱ्या दोऱ्याच्या वेटोळ्यांसारख्या ढिगाऱ्यांवरून त्याचा ठाव लागतो. कात टाकण्याच्या बेतातला खेकडा, माकूळ व शिंपल्यांतील मांस हीही उत्तम आमिषे आहेत. कॉड वासावरून अन्न शोधत असल्याने आमिष ताजे व भरघोस असावे. दोन-तीन कृमी एकामागून एक गळावर ओवून, त्यांवर माकुळाची पट्टी ठेवून बारीक लवचीक धाग्याने गुंडाळतात. मोठ्या आमिषाच्या वरच्या टोकास दुसरा गळ अडकवतात. त्यामुळे फेकताना आमिष घसरत नाही.

कॉडने आमिष घेतले की काठीचे टोक वाकते व हलते. कधी याच्या उलट घडते. मासा आमिषासह शिसे उचलून किनाऱ्याकडे येतो आणि ताणलेला दोरा एकाएकी सैल पडतो. नवशिका अशा वेळी गोंधळतो. त्याने भराभर दोरा गुंडाळावा, पलीकडील वजन जाणवताच काठी ठामपणे मागे घ्यावी, आणि मासा काठाशी आल्यावर येणाऱ्या लाटेबरोबर त्याला वर आणावे. परतणाऱ्या लाटेत ओढल्यास दोरा तुटतो.

धोका आणि मर्यादा

ज्या हवेत कॉड मिळतो ती हवा माणसाला धोक्याची असते. शैवालाने निसरडे झालेले खडक, अंधार, आणि उधाणाच्या भरतीने मागची वाट बंद होणे, ही अपघातांची नेहमीची कारणे होत. समुद्राकडे पाठ करू नये, एकट्याने जाऊ नये, परतण्याची वेळ घरी सांगून जावे आणि तरंगण्याचे जाकीट अंगावर ठेवावे.

दुसरी मर्यादा माशाच्या संख्येची आहे. एक मोठी मादी एका हंगामात लक्षावधी अंडी घालते. या विपुलतेमुळे कॉड कधी संपणार नाही असे पूर्वी मानले जाई. परंतु कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर बेसुमार मासेमारीमुळे त्याचा साठा कोसळला. १९९२ मध्ये तेथे बंदी घालावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. ती बंदी २०२४ मध्ये उठली. उत्तर समुद्रातही १९७० च्या दशकानंतर साठा घटत गेला. अतिरिक्त मासेमारीबरोबर पाण्याचे वाढते तापमानही यास कारणीभूत आहे. कॉडच्या पिल्लांचे खाद्य असलेले सूक्ष्म प्राणी उत्तरेकडे सरकले आहेत. त्यामुळे दक्षिण इंग्लंडच्या ज्या किनाऱ्यांवर एका रात्रीत अनेक कॉड मिळत, तेथे आता संपूर्ण हिवाळ्यात एखादा मिळणेही कठीण झाले आहे.

ब्रिटनमध्ये ३५ सेंटिमीटरहून लहान कॉड ठेवता येत नाही. हा आकडा किमान आहे. एवढा मासा बहुधा अजून अंडी घालण्याच्या वयास आलेला नसतो. म्हणून अनेक मासेमार स्वतःहून याहून मोठी मर्यादा पाळतात. मोजपट्टी जवळ ठेवावी, हात ओले करून मासा धरावा, गळ खोल गेला असल्यास ओढाताण न करता दोरा गळाशीच कापावा आणि माशाला लाटेत भिरकावून न देता पाण्यात अलगद सोडावे. गळ टाकण्यापूर्वीच नवशिक्याने या गोष्टी शिकून घेतल्या पाहिजेत.