वाय-फायवरील बोलणें : दोन निराळे मार्ग

गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं आमच्या वसतिगृहांतील एका मुलास जोराचा ताप भरला. इमारतीच्या दगडी भिंती इतक्या जाड कीं, आंत मोबाईलला 'रेंज' म्हणून मिळत नाहीं; वाय-फाय मात्र उत्तम चालतें. आम्हीं लागलींच व्हॉट्सॲप उघडलें. परंतु मुलाचे वडील शेतकरी; त्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन. त्यांस व्हॉट्सॲप कोठून असणार? अखेर अकरावींतील एका विद्यार्थ्यानें आमच्या फोनच्या सेटिंगमध्यें जाऊन 'वाय-फाय कॉलिंग' सुरू करून दिलें. आम्हीं नेहमींप्रमाणें दहा आंकडे दाबले, तों पलीकडे घंटी वाजली! ज्या दोन सोयी आम्ही एकच समजत होतों, त्या मुळांत वेगळ्या आहेत, हें तेव्हां आम्हांस कळलें.

व्हॉट्सॲपवर बोलण्याची सोय २०१५ सालीं आली. तींत आवाजाचीं बारीक पुडकीं करून तीं इंटरनेटवरून पलीकडच्या माणसाच्या व्हॉट्सॲपकडे पाठविलीं जातात. येथें आपला नंबर केवळ ओळखीपुरता. मोबाईल कंपनीच्या टेलिफोन-यंत्रणेचा त्या संभाषणाशीं कांहीं संबंध नसतो. म्हणून दोघांकडेही तेंच ॲप व इंटरनेट असावें लागतें. घरच्या जुन्या टेलिफोनवर किंवा ११२ या संकटकालीन क्रमांकावर तेथून बोलतां येत नाहीं.

वाय-फाय कॉलिंग ही मोबाईल कंपनीचीच सेवा होय. आपल्याकडे एअरटेलनें ती डिसेंबर २०१९ मध्यें दिल्ली परिसरांत, व जिओनें जानेवारी २०२० मध्यें सुरू केली. येथें फोन वाय-फायमधून कंपनीच्या द्वारापर्यंत एक सांकेतिक, बंदिस्त वाट तयार करतो. त्या द्वारांतून आंत गेल्यावर, ४जी वरील कॉल ज्या यंत्रणेंतून जातो तिच्याच स्वाधीन हा कॉल होतो. पोस्टाची थैली शेजाऱ्याच्या बैलगाडींतून स्टेशनावर नेली, तरी ती पोस्टाचीच राहते, तसेंच हें. यामुळें पलीकडच्यास कांहीं नवें घ्यावें लागत नाहीं, त्यास आपलाच नंबर दिसतो, आणि आकारणी नेहमींच्या कॉलप्रमाणें होते. बोलत बोलत आपण अंगणांत आलों, तर ४जी ची सोय असल्यास कॉल न तुटतां तिकडे वळतो. ॲपवरील बोलणें अशा वेळीं पुष्कळदां अडखळतें.

गुप्ततेच्या बाबतींत मात्र व्हॉट्सॲप सरस म्हणावें लागेल. तेथील संभाषण एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सांकेतिक असतें. वाय-फाय कॉलिंगची बंदिस्त वाट कंपनीच्या द्वाराशीं संपते.

आणखी एक अडचण दोहोंनाही सारखीच. वीज गेली कीं राउटर बंद पडतो आणि दोन्ही वाटा एकदमच खुंटतात. त्या रात्रीं वीज गेली नाहीं, पहिल्या एस.टी.नें वडील येऊन पोहोंचले.