व्हिडिओ कॉल पोहोचतो, मॉर्फिन अडते

गंभीर आजारी मुलांच्या उपशामक उपचारांत व्हिडिओ कॉलची नवलाई आता संपली आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी येणाऱ्या जागतिक हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर दिनाला त्याचे कौतुक होणे साहजिक आहे. मात्र पडद्यावरून काय पोहोचते आणि काय पोहोचत नाही, हे वेगवेगळे तपासायला हवे.

मुलांसाठीचे हे उपचार कर्करोगापुरते नसतात. सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, चयापचयाचे जन्मजात विकार अशा आजारांत ते निदानापासून सुरू होऊन वर्षानुवर्षे चालू शकतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बिहार-बंगालमधूनही मुले येतात. रोग हाताबाहेर गेल्यावर कुटुंब गावी परतते. नुसत्या तपासणीसाठी पुन्हा मुंबई गाठायची, तर मुलाचे हाल होतात आणि आईवडिलांची मजुरी बुडते. हा फेरा फोनमुळे वाचतो.

कॉलवर बरेच काही दिसते. बोलू न शकणाऱ्या मुलाची वेदना जोखण्यासाठी ‘फ्लॅक’ ही मोजपट्टी 1997 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि कुशीत घेतल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायचे. पाचही गोष्टी कॅमेऱ्यात टिपता येतात. आईने मुलाचा सदरा वर केला, की श्वास घेताना फासळ्यांमध्ये ओढली जाणारी कातडी दिसते. मिनिटभर श्वास मोजता येतात. बॅटरीच्या उजेडात तोंडातले छाले दिसतात. पोट किती कडक झाले आहे, हे मात्र हाताला कळते. त्यामुळे एकदा प्रत्यक्ष तपासलेल्या मुलासाठी कॉल जितका भरवशाचा, तितका अनोळखी मुलासाठी नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्य महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठे आहे. केर्न्सहून ब्रिस्बेनला रस्त्याने यायचे तर सुमारे 1,700 किलोमीटर पडतात. तिथल्या बाल-उपशामक सेवेने घरी राहणाऱ्या मुलांसाठी व्हिडिओ सल्ला करोनाच्या बऱ्याच आधी सुरू केला. मूल घरी परतणार असले, की त्याच्या गावातल्या डॉक्टर-परिचारिकांना त्याच मुलाच्या गरजांपुरते प्रशिक्षण देण्याची पद्धतही तिथे आहे. कॉलच्या दुसऱ्या टोकाला शिकलेले हात असावेत, हा त्यामागचा विचार.

भारतात हा धागा हैदराबादने उचलला. एमएनजे कर्करोग संस्थेतून ‘इको’ पद्धतीने दक्षिण आशियातील डॉक्टर-परिचारिकांचे ऑनलाइन वर्ग भरले. ही पद्धत डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये न्यू मेक्सिकोत हेपॅटायटिस ‘सी’साठी सुरू केली. तज्ज्ञ रुग्णाला थेट तपासत नाही. स्थानिक डॉक्टर आपली केस मांडतो, बाकीचे तिच्यावर चर्चा करतात आणि उपचार त्याच्याच हातून होतात. तंत्रज्ञानाचा सर्वांत टिकाऊ उपयोग हाच वाटतो, कारण कॉल संपला तरी शिकलेला डॉक्टर तालुक्यातच राहतो.

खरी अडचण औषधाची आहे. तीव्र वेदनेवर आणि शेवटच्या टप्प्यातील धापेवरही मॉर्फिन दिले जाते. साधी गोळी सहसा दर चार तासांनी द्यावी लागते, सोबत बद्धकोष्ठतेचे औषधही. पण 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमावलीने अमली पदार्थ कायद्याखालील औषधे दूरवरून लिहून देण्यास मनाई केली. म्हणजे वेदनेचे गुण कॉलवर मोजता येतात, पण ती शमवणारी चिठ्ठी कॉलवर देता येत नाही. गैरवापराची भीती खोटी नाही; तिची किंमत मात्र कळवळणारे मूल मोजते.

यावरचा मार्ग कायद्यातच आहे. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्याची वाट सोपी झाली. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने ही मान्यता घेतली, साठा ठेवला आणि एक प्रशिक्षित डॉक्टर नेमला, तर मुंबईचा तज्ज्ञ कॉलवर मात्रा सुचवेल आणि चिठ्ठी जिल्ह्यातला डॉक्टर मुलाला तपासून देईल. नव्या ॲपपेक्षा आधी खर्च यावर व्हायला हवा.