सॉफ्टवेअर अभियंत्याची मुलाखत : धार-देवासच्या तरुणांसाठी पूर्वतयारी

धार ही राजा भोजाची नगरी. अकराव्या शतकातील या विद्याव्यासंगी राजाच्या दरबारी येणाऱ्या कवी-पंडितांची पारख कशी होई, याच्या अनेक कथा बल्लाळाच्या ‘भोजप्रबंध’ या संस्कृत ग्रंथात आल्या आहेत. श्लोकाचा एखादा चरण दिला जाई आणि उरलेले चरण कवीने तेथल्या तेथे रचावयाचे, अशी ही समस्यापूर्ती असे. या कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नसल्या, तरी परीक्षेची ती रीत लक्षात घेण्यासारखी आहे. पाठ केलेला श्लोक तेथे कामी येत नसे. समोर आलेला चरण समजून घेऊन त्याला साजेसा विचार करावा लागे.

सॉफ्टवेअर अभियंत्याच्या पदासाठी होणारी आजची मुलाखत याच जातीची आहे. उमेदवारापुढे एक समस्या ठेवली जाते आणि तो ती कशी उलगडतो, हे पाहिले जाते. ही गोष्ट ज्याच्या ध्यानी आली, त्याची निम्मी तयारी झाली असे म्हणावयास हरकत नाही.

बदलती वाट

देवास येथे तुकोजीराव व जिवाजीराव या पवार बंधूंनी १७२८ मध्ये आपले राज्य स्थापन केले; धारलाही पवारांचीच सत्ता होती. तेव्हापासून माळव्याच्या या दोन्ही नगरांत मराठी कुटुंबे नांदत आहेत. संस्थानी काळात दरबारची चाकरी हे त्यांतील अनेकांच्या उपजीविकेचे साधन होते. स्वातंत्र्यानंतर शिक्षकी पेशा, सरकारी कचेऱ्या, देवासचा १९७४ मध्ये सुरू झालेला बँक नोट प्रेस आणि धार जिल्ह्यातील पीथमपूरचे कारखाने ही नोकरीची नवी ठिकाणे झाली. आता त्यांत संगणक क्षेत्राची भर पडली आहे. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर परिसरात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस व इन्फोसिस या कंपन्यांची संकुले उभी आहेत. देवासपासून इंदूर सुमारे ४० किलोमीटर, तर धारपासून साठ-पासष्ट किलोमीटर अंतरावर आहे. पुण्याची वाट तर मराठी घरांना नवी नाही.

संधी जवळ आली असली, तरी एक अडचण कायम आहे. विषय येतो, पण तो चारचौघांत मांडता येत नाही, ही लहान गावातील विद्यार्थ्याची नेहमीची व्यथा होय. चार वर्षांचे शिक्षण आणि त्यासाठी आईवडिलांनी काढलेले कर्ज यांचे भवितव्य पाऊण तासाच्या संभाषणावर अवलंबून असते. म्हणूनच या संभाषणाची तयारी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानला पाहिजे.

निवडीचे टप्पे

नव्या पदवीधरांची निवड सामान्यतः तीन टप्प्यांत होते. पहिला टप्पा संगणकावरील लेखी चाचणीचा असतो. तीत अंकगणित, तर्क, इंग्रजी भाषा आणि प्रोग्रॅम लिहिणे यांची परीक्षा होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची नॅशनल क्वालिफायर टेस्ट हे याचे परिचित उदाहरण आहे. दुसरा टप्पा तांत्रिक मुलाखतीचा. तिसऱ्या टप्प्यात मनुष्यबळ विभागाचे अधिकारी उमेदवाराचा स्वभाव, काम करण्याची तयारी, अन्य गावी जाण्याची इच्छा इत्यादींविषयी विचारतात. काही कंपन्यांत तांत्रिक मुलाखतीच्याच दोन-तीन फेऱ्या होतात. अर्ज करण्यापूर्वी गुणांची अट वाचून घ्यावी. दहावी, बारावी व पदवी या तिन्ही परीक्षांत ठरावीक टक्केवारी मागण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे.

पाया कोणत्या विषयांचा?

संगणकाच्या भाषा बदलत राहतात. ‘सी’ ही भाषा १९७२ च्या सुमारास तयार झाली, ‘पायथन’ १९९१ मध्ये, तर ‘जावा’ १९९५ मध्ये लोकांपुढे आली. यांपैकी कोणतीही एक भाषा नीट यावी, एवढेच पुष्कळ आहे. या भाषांच्या खाली असलेली तत्त्वे मात्र फारशी बदलत नाहीत, आणि मुलाखतीत भर असतो तो त्यांच्यावरच. माहितीची मांडणी, शोध व क्रमवारीच्या पद्धती, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क हे त्यांतील प्रमुख विषय होत.

ही तत्त्वे वाटतात तितकी परकी नाहीत. नवरात्रात देवासच्या टेकडीवर दर्शनासाठी रांग लागते. जो आधी आला, तो आधी पुढे सरकतो. संगणकातील ‘क्यू’ ही मांडणी नेमकी अशीच असते. पंगतीसाठी थाळ्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. शेवटी ठेवलेली थाळी प्रथम उचलली जाते. यालाच ‘स्टॅक’ म्हणतात. धारहून देवासला इंदूरमार्गे जाता येते, तसेच उज्जैनकडून वळसा घेऊनही जाता येते. गावे म्हणजे बिंदू आणि रस्ते म्हणजे रेषा असे कल्पून सर्वांत जवळची वाट शोधणे, हा ‘ग्राफ’ या प्रकरणातील प्रश्न आहे.

शोधाचेही तसेच. अकारविल्हे लावलेल्या एक हजार नावांच्या यादीत एखादे नाव पाहावयाचे आहे. पहिल्यापासून एकेक नाव वाचत गेल्यास हजार वेळा पाहण्याची पाळी येऊ शकते. मधले नाव पाहून शोधाचे नाव त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे हे ठरविले आणि दर वेळी उरलेली यादी निम्मी केली, तर जास्तीत जास्त दहा वेळा पाहून काम भागते. यादी दहा लाख नावांची असली, तरी वीस वेळा पाहणे पुरते. यादी वाढली की श्रम किती वाढतात, याचा असा हिशेब मांडता येणे हे अभियंत्याचे खरे लक्षण होय.

एका प्रश्नाचा उलगडा

मुलाखतीतील उत्तर कसे असावे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, प्रश्न असा आहे : “शिधापत्रिकांच्या एक हजार क्रमांकांची यादी दिली आहे. तीत कोणता क्रमांक दोनदा आला आहे का, ते शोधा.”

उतावळा उमेदवार लगेच प्रोग्रॅम लिहू लागतो. जाणता उमेदवार प्रथम प्रश्न विचारतो. यादी क्रमवार लावलेली आहे काय? ती रिकामी असू शकेल काय? क्रमांकात अक्षरेही असतात काय? दुबार क्रमांक एकच हवा की सर्व? हे विचारणे अज्ञानाचे चिन्ह नव्हे. कामाच्या ठिकाणीही समस्या अर्धवटच समोर येते आणि ती पूर्ण करून घेणे हे अभियंत्याचे पहिले काम असते.

त्यानंतर सर्वांत सोपा मार्ग सांगावा : प्रत्येक क्रमांक उरलेल्या प्रत्येक क्रमांकाशी ताडून पाहणे. हजार क्रमांकांसाठी अशा ४,९९,५०० तुलना होतील. हा मार्ग बरोबर आहे, पण संथ आहे, हे उमेदवाराने स्वतःहून सांगावे. मग दुसरा मार्ग मांडावा : यादी आधी क्रमवार लावणे, म्हणजे सारखे क्रमांक शेजारी येतील. चांगल्या पद्धतीने क्रम लावण्यास सुमारे दहा हजार तुलना लागतील आणि पुढे शेजारचे क्रमांक ताडण्यास ९९९. तिसरा मार्ग असा की, यादी एकदाच वाचत जावी आणि पाहिलेल्या प्रत्येक क्रमांकाची नोंद ‘हॅश टेबल’ नावाच्या सारणीत ठेवावी. पुढचा क्रमांक त्या सारणीत आधीच आढळला, तर तो दुबार. हा मार्ग वेगवान आहे, मात्र त्यासाठी संगणकाची जादा स्मृती खर्ची पडते.

तीनही मार्ग सांगून, त्यांतील एक का निवडला याचे कारण द्यावे आणि मगच प्रोग्रॅम लिहावा. लिहून झाल्यावर चार-पाच क्रमांकांची छोटी यादी घेऊन तो ओळीओळीने स्वतः तपासावा. चूक सापडली तर घाबरू नये. ती स्वतः शोधून दुरुस्त करणारा उमेदवार परीक्षकाच्या मनात चांगली जागा मिळवितो.

या सर्व वेळी मनातील विचार मोठ्याने बोलत राहणे अगत्याचे आहे. दहा मिनिटे गप्प बसून लिहिलेल्या अचूक उत्तरापेक्षा, वाट चुकत-सुधारत पण स्पष्टपणे बोलत काढलेले उत्तर पुष्कळदा अधिक उपयोगी ठरते. कारण उमेदवार चुकला तरी तो कोठे आहे हे परीक्षकाला कळते आणि त्याला सूचना देता येते. ती सूचना लक्षपूर्वक ऐकावी. एखादी गोष्ट ठाऊक नसेल, तर तसे सरळ सांगून, ती आपण कशी शोधून काढू हे सांगावे. थाप मारल्यास ती पुढच्या दोन प्रश्नांतच उघडी पडते.

स्वतःच्या कामाची ओळख

पदवीच्या शेवटच्या वर्षी केलेल्या प्रकल्पावर हमखास प्रश्न येतात. तो कोणासाठी केला, अडचण कोणती आली, ती कशी सोडविली आणि त्याचे फळ काय मिळाले, या चार गोष्टी तीन मिनिटांत सांगता आल्या पाहिजेत. गटाने केलेल्या कामात आपला वाटा कोणता, हे नेमके सांगावे. विकत आणलेला किंवा उतरवून घेतलेला प्रकल्प येथे टिकाव धरत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही प्रोग्रॅम लिहून देतात. अभ्यासासाठी त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु आपल्या नावावर दाखविलेल्या प्रत्येक ओळीचा अर्थ स्वतःला सांगता आला पाहिजे. मुलाखतीत अशी साधने वापरण्यास परवानगी आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

भाषेचे भय

धार-देवासच्या मराठी घरांत मुलांच्या कानावर मराठी, माळवी आणि हिंदी अशा तीन भाषा लहानपणापासून पडतात. शाळेत व पुढे महाविद्यालयात इंग्रजीची भर पडते. इतक्या भाषा सांभाळणाऱ्याने इंग्रजीपुढे दबून जाण्याचे कारण नाही. मुलाखतीला अलंकारिक इंग्रजी लागत नाही. लहान, सरळ व पूर्ण वाक्ये पुरतात. यासाठी एक साधा उपाय आहे. नवा विषय शिकल्यावर तो प्रथम घरी आई, आजोबा वा धाकट्या भावंडाला मराठीत समजावून द्यावा. त्यांना तो कळला, म्हणजे आपल्यालाही कळला. त्यानंतर तोच विषय इंग्रजीत मोठ्याने सांगावा. विचार स्वच्छ असेल, तर शब्द सापडतात.

सरावाची आखणी

सहा महिने रोज दोन तास मिळाले, तरी तयारी चांगली होते. पहिले दोन महिने एक भाषा व माहितीच्या मांडणीचे प्रकार पक्के करावेत. पुढील दोन महिन्यांत रोज एक-दोन प्रश्न कोणतीही मदत न घेता सोडवावेत. सुटले नाही, तर उत्तर वाचून चार दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा करावा. शेवटचे दोन महिने डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम व नेटवर्क यांची उजळणी आणि सराव-मुलाखती यांसाठी ठेवावेत. देशातील नामांकित तंत्रसंस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने ‘एनपीटीईएल’ व ‘स्वयम्’ या उपक्रमांद्वारे विनामूल्य पाहावयास मिळतात. महागडी शिकवणी परवडत नाही, म्हणून कोणी मागे राहण्याचे कारण नाही.

पुष्कळ मुलाखती आता घरबसल्या, पडद्यावर होतात. सोनकच्छ, बागली, कुक्षी किंवा मनावर येथील मुलीला त्यासाठी शहरात मुक्काम करावा लागत नाही, ही मोठी सोय आहे. मात्र त्या वेळेपुरती एक शांत खोली तिला मिळवून देणे, हे घरच्यांचे कर्तव्य आहे. वीज गेल्यास दुसरी सोय असावी, मोबाइल भारित करून ठेवावा आणि ओळखपत्र व गुणपत्रिका हाताशी असाव्यात. खोलीत बसून कोणी उत्तरे सुचवू नयेत; अशा प्रकाराने निवड रद्द होऊ शकते.

फसवणुकीपासून सावध

नोकरीच्या ओढीचा गैरफायदा घेणारे लोक सर्वत्र असतात. ‘नोंदणी शुल्क’, ‘अनामत’ किंवा ‘प्रशिक्षण खर्च’ म्हणून मुलाखतीपूर्वी पैसे मागितले गेल्यास ते देऊ नयेत. नेमणूकपत्र आले, तर ते कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून पडताळून पाहावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. सेवेच्या करारावर सही करण्यापूर्वी त्यातील मुदत व रक्कम वडीलधाऱ्यांसह वाचून घ्यावी.

गावाचा हातभार

ही तयारी एकट्या विद्यार्थ्यावर सोडून चालणार नाही. शिक्षकांनी वर्गात ‘उत्तर काय?’ या प्रश्नाबरोबर ‘ते कसे काढले?’ हेही विचारण्याची सवय ठेवली, तर आठवीतील मुलगाही पुढच्या मुलाखतीचीच तयारी करीत असतो. सुटीत गावी आलेल्या नोकरदार अभियंत्यांना शाळेत बोलावून सराव-मुलाखती घेता येतील. ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा वाचनालय मुलाखतीच्या दिवशी एखाद्या उमेदवाराला उपलब्ध करून देण्यास फारसा खर्च येत नाही.

पहिल्या मुलाखतीत अपयश आले, तर घरच्यांनी बोल लावू नये. त्याच सायंकाळी विचारलेले प्रश्न वहीत लिहून काढून, कोठे अडले ते पाहावे. पुढच्या खेपेची तयारी त्या वहीच्या पहिल्या पानापासूनच सुरू होते.