आजोबांच्या चाकूची धार

जुन्या पेटीच्या तळाशी एखादा घडीचा चाकू पुष्कळांना सापडतो. मला आमच्या आजोबांचा सापडला. कोकणात ते आंब्याची भेटकलमे बांधीत. कुंडीतले रोप आणि झाडाची फांदी एकेका अंगाने तासायची, दोन्ही काप जुळवायचे आणि घट्ट बांधायचे. काप गुळगुळीत नसला, साल फाटली, की मध्ये फट राहते आणि सांधा धरत नाही. चाकू बोथट तर मेहनत फुकट!

हा चाकू मी हौसेने एका धारवाल्याकडे नेला. त्याने तो विजेच्या चाकावर धरला. ठिणग्या उडाल्या, मला गंमत वाटली, आणि बघताबघता टोकाकडची कड निळी पडली. पोलादाचे पाणी उतरले म्हणतात ते हेच. कर्बयुक्त पोलाद सुमारे ८०० अंशांपर्यंत लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवले की फार कडक होते, पण ठिसूळही. मग ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास बेताने तापवून ठिसूळपणा घालवतात. त्याहून बरेच अधिक तापले तर कडकपणाही जातो. ३०० च्या सुमारास रंग निळा होतो. अशा कडेला धार लागते, टिकत मात्र नाही. दोष एकट्या धारवाल्याचा कसा म्हणू? थांबवायला मी शेजारीच उभा होतो की! शेवटी तो निळा भाग हातानेच दगडावर झिजवून मागचे चांगले पोलाद गाठले. तीन रविवार गेले.

पात्यावरचा तांबडा गंज रॉकेलच्या चिंधीने काढावा. काळसर छटा मात्र घासून घालवू नये. या पोलादात क्रोमियम जवळजवळ नसतेच, म्हणून लिंबू कापले की ते काळे पडते. पण तो थर गंजाला थोडा आडच येतो.

आता धार. दगड पाण्याने भिजवा. पाते २ सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून साधारण ६ मिलिमीटर उचला. हा कोन शेवटपर्यंत हलता कामा नये. सारी विद्या एवढीच, आणि तीच अवघड. कडेला शाईची रेघ ओढून चार वेळा घासा. शाई धारेपाशी तशीच राहिली तर पाठ जास्त खाली आहे. घासताना, दगडाचा पातळ पापुद्रा काढायचाय अशा बेताने धार पुढे ढकला. जोर नको.

एक बाजू पुरी झाली हे कसे कळावे? अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा सरकवा (धारेच्या लांबीने नव्हे, नाहीतर बोट कापेल!). दुसऱ्या बाजूला केसासारखी खरखरीत किनार लागली पाहिजे. ती टोकापर्यंत लागेतो बाजू बदलू नका. आमची घाई इथेच नडते. मग दुसरी बाजू, आणि नंतर बारीक दगडावर आळीपाळीने, अगदी हलक्या हाताने.

उरलेली किनार जुन्या चामडी पट्ट्यावर जाते. इथे मात्र पाठ पुढे, धार मागे. न्हावी वस्तरा फिरवतो तसे. दिव्याखाली धार वर करून बघा. पांढरी रेघ चमकली, तर तिथे ती अजून बोथट आहे.

शेवटी पाते कोरडे पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बिजागरीत सोडा. जवसाचे तेल नको; ते वाळून चिकटते आणि चाकू उघडताना नखे तुटतात.