परवानगीचीं नऊ अक्षरें

एकत्र कुटुंबांत कपाटाची किल्ली कोणाजवळ असावी, हा प्रश्न नवा नाहीं. वर्ध्याच्या आमच्या घरीं संगणक एक आणि वापरणारीं माणसें सात. म्हणून तोच प्रश्न आतां फाईलींस लागू झाला आहे.

आमच्या संगणकावर लिनक्स प्रणाली आहे. सी-डॅक या १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या संस्थेची ‘बॉस’ प्रणालीही लिनक्सवरच उभारलेली आहे. जुन्या युनिक्सच्या रीतीप्रमाणें लिनक्स प्रत्येक फाईलीविषयीं मालक, गट आणि इतर अशा तीन पक्षांचे हक्क नोंदविते. वाचणें, लिहिणें व चालविणें हे तीन हक्क. मिळून नऊ अक्षरें.

मीं मृत्युपत्राचा मसुदा लिहिला. तो कुटुंबाच्या गटास मुळींच दिसूं नये, फक्त धाकट्या सुनेस, ती वकील म्हणून, वाचतां व दुरुस्त करतां यावा, अशी इच्छा होती. एवढा भेद नऊ अक्षरांत मावत नाहीं. त्यासाठीं नांवनिशीवार यादी लागते. विंडोज एनटीमध्यें ती १९९३ पासून होती. लिनक्सच्या मूळ गाभ्यांत २००३ सालच्या २.६ या आवृत्तीबरोबर आली.

परंतु प्रोग्रामनें नेहमींच्या रीतीनें विचारणा केली असतां त्यास नऊ अक्षरेंच मिळतात. यादीसाठीं निराळा प्रश्न करावा लागतो. शिवाय यादी असतां मधलीं तीन अक्षरें गटाचे हक्क सांगत नाहींत. तीं यादींतील हक्कांची कमाल मर्यादा दाखवितात. जुन्या प्रोग्रामनें तीं पुसलीं, तर यादींतील माणसासही दार बंद व्हावें, हा त्यांतील हेतु.

या योजनेची दुसरी बाजू मला ठाऊक नव्हती. मीं मसुद्याची प्रत दुसरीकडे ठेविली. प्रत करणाऱ्या प्रोग्रामनें केवळ नऊ अक्षरें नेलीं. यादी मागें राहिली. सुनेपुरती असलेली मर्यादा प्रतींत खुद्द गटाचा हक्क होऊन बसली! रात्रीं पानावर शेताच्या वांट्याची गोष्ट निघाली, तेव्हां घडला प्रकार ध्यानांत आला.

वाचकांनीं एवढें लक्षांत ठेवावें: फाईलींच्या तपशीलवार यादींत अक्षरांपुढें अधिक चिन्ह दिसल्यास मागें आणखी नोंदी आहेत असें समजावें, व ‘गेटफॅकल’ या आज्ञेनें त्या पाहाव्या. प्रत करितांना हक्क जपण्याची सूचना द्यावी आणि नंतर प्रतीचीही यादी तपासावी. प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुणांनीं अक्षरांवरून तर्क करूं नये. फाईल उघडण्याची विनंति करून प्रणालीचाच निर्णय घ्यावा.

मसुदा मीं पुन्हां लिहिला आहे. या वेळीं मात्र सर्वांना बसवून वाचून दाखविला.